पालीची साक्ष

मेन दार्साच्या घरी बसायचं झालं तर आधी खाली बघावं लागतं, मग वर, आणि मगच बूड टेकायचं. खाली बेडूक असतात, वर पाली असतात. पाणी घ्यायचं तर रांजणाला आधी दोन टिचक्या मारायच्या, म्हणजे आतला हिरवा बेडूक बाजूला सरकतो. नाही सरकला तर आपण थांबायचं. त्या घरात पाहुण्याचा मान दुसरा, पहिला बेडकाचा.

हे मी चेष्टेनं सांगतोय खरा. पण या घराबद्दल नीट बोलायला लागलो की मला माझ्याबद्दल बोलावं लागतं, म्हणून आधी चेष्टा. नंतरचंही सांगणार आहे.

मेन दार्सा म्हणजे दार्साची आई. आमच्या बालीत बाईला पहिलं मूल झालं की तिचं स्वतःचं नाव मागे पडतं आणि ती पोराच्या नावानं ओळखली जाते. ही एकतिसाव्या वर्षी विधवा झाली. नवरा नारळ उतरवताना पडला. त्यानंतर पूजेच्या परड्या विणून हिनं एकुलता एक पोर वाढवला. मी कुंपणापलीकडचा शेजारी. चौतीस वर्षं गावच्या शाळेत मास्तरकी केली, आता गावकीचा लेखनिक आहे. गावात कोण जन्मलं आणि कोण गेलं, ते माझ्या वहीत असतं.

पूर्वी ही बाई अशी नव्हती. घर लख्ख. बेडूक ओसरीवर चढला की केरसुणीचा असा फटका मारायची की तो कुंपणावरून थेट माझ्या अंगणात. वर ओरडायची, "गुरुजी, नवा विद्यार्थी पाठवलाय. नाव घाला त्याचं." मी म्हणायचो, "तुझ्या पोरापेक्षा बरा दिसतोय." ती हसायची. दार्सा माझ्याच वर्गात होता, मागच्या बाकावर. पाढे कधी आले नाहीत, पण पोहण्यात सगळ्या गावाला भारी. मोठा होऊन तो खोल समुद्रात मासे पकडणाऱ्या जहाजावर गेला. दोन वर्षांचा करार होता. लग्नाला आठ महिने झाले होते. बायको अस्तिती, बावीस वर्षांची, कमी बोलणारी पोरगी, सासूच्या शेजारी बसून परड्या विणायला शिकत होती.

जहाजाच्या कचेरीला दार्सानं पत्ता शाळेचा दिला होता, माझ्या नावानं. घरात दोघींना वाचायची सवय नव्हती आणि टपालवाला आमच्या गल्लीत यायला कंटाळायचा.

ते पत्र आलं गालुंगान सणाच्या आदल्या दिवशी. घराघरांतून डुकरं कापली जात होती, दारादारांत वाकलेले बांबू सजवून उभे केले होते. दुसऱ्या दिवशी पूर्वज घरी यायचे होते. पत्र चार ओळींचं. दार्सा अमुक तारखेला पहाटेपूर्वी जहाजावरून पाण्यात पडला. दोन दिवस शोध घेतला. सापडला नाही. सामान नेण्यास यावे. खाली शिक्का.

मी शाळेच्या पायरीवर बसून ते तीनदा वाचलं. मग घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवलं आणि ठरवलं, आज सांगायचं नाही. बातमी सांगितली की त्या घराला सुतक. सुतक लागलं की सण गेला, घरच्या देवळाचं दार बंद, पूर्वज आले तरी पुढे ठेवायला काही नाही. आणि नुसतं तिच्या घराला नाही, तिच्या सगळ्या भाऊबंदांना. अशा वेळी बातमी सण उरकेपर्यंत दाबून ठेवतात. ते आमच्याकडे पाप नाही, पोक्तपणा आहे. माझ्या वडिलांची बातमी माझ्या काकांनी चार दिवस दाबली होती आणि नंतर सगळ्यांनी त्यांचं कौतुकच केलं. मी दहा दिवसांनी, कुनिंगान म्हणजे सणाचा शेवटचा दिवस झाला की सांगणार होतो. नुसतं गप्प बसायचं होतं.

पण टपालवाल्याचं तोंड कोण धरणार? संध्याकाळच्या आधी मेन दार्सानं कुंपणावरून हाक मारली. गेलो. ओसरीवर ती लावार या सणाच्या पदार्थासाठी मांस आणि खोबरं कालवत बसली होती, कोपरापर्यंत हात माखलेले. अस्तिती पलीकडे कोवळी नारळाची पानं कापत होती.

"गुरुजी, बोटीवरून पत्र आलंय म्हणे. वाचा की."

"घरी राहिलं."

"मग तोंडी सांगा. पोरांकडून आयुष्यभर पाठ करून घेतलंत, आता तुम्ही म्हणून दाखवा."

अस्तितीची सुरी थांबली. दोघी माझ्याकडे बघत होत्या. पत्र माझ्या खिशातच होतं.

"बरा आहे," मी म्हणालो. "काम फार आहे म्हणतो. येईल."

आणि तुळईच्या मागून पाल चुकचुकली.

आमच्याकडे पाल म्हणजे सरस्वतीची दूत, कुणाचं बोलणं संपता संपता पाल चुकचुकली तर ते बोलणं खरं. लहान पोरालासुद्धा हे ठाऊक असतं. मेन दार्सानं माखलेल्या बोटानंच जमिनीवर टकटक केलं आणि म्हणाली, "सरस्वती, सरस्वती." अस्तितीनंही केलं. आणि मीही केलं, सवयीनं. पण नुसतं सवयीनं नव्हे. त्या क्षणी माझ्या मनात आलं, पत्रच चुकीचं असेल. दार्सा नावाची माणसं काय कमी आहेत? शिक्का तर कुणीही मारतो. खोटं बोललो होतो मी, आणि ते खरं मानणारा पहिला माणूसही मीच होतो. ही चूक आमच्या बेटावरच होऊ शकते. बाकीच्यांच्या मनात शंकेची पाल चुकचुकते, आमची चुकचुकली की शंका संपते. त्या दिवशी मी घरी जाऊन चांगला जेवलो.

कुनिंगान झाल्यावर सांगायला गेलो, तोवर साऱ्या गावाला ठाऊक झालं होतं. दार्सा बरा आहे, गुरुजींनी सांगितलं, पालीनं साक्ष दिली. मेन दार्सानं माझ्यासाठी काळ्या भाताची खीर करून ठेवली होती. ती खाल्ली आणि परत आलो. मग उद्या, मग पुढच्या आठवड्यात, मग पुढचा सण तोंडावर आला म्हणून नको. घोंगडं भिजत पडलं ते पडलंच. दोन वर्षं संपली, करार संपला, दार्सा आला नाही. ती म्हणाली, "करार वाढवला असेल. गुरुजी, त्यांना पत्र लिहा." ती सांगायची तसं मी लिहायचो. टपालात टाकायचो नाही.

घर बदलायला लागलं ते तेव्हापासून. आधी फक्त त्या पालीला कुणी हात लावायचा नाही असं ठरलं. पण ती पाल कुठली, हे कोण सांगणार? म्हणून सगळ्याच पाली आल्या. पालींना खायला किडे हवेत, म्हणून ओसरीवरचा दिवा कधी बंद होईनासा झाला. किड्यांमागे बेडूक आले. बेडकांमागे साप आला, तो अस्तितीनं काठीवर उचलून ओढ्याला सोडला, एकदा नाही, चारदा. छपराच्या गवतात पालींची अंडी म्हणून गवत बदलायचं नाही, ते कुजलं. त्यात उदमांजरानं पिल्लं घातली. आरशामागे ठिपक्यांची मोठी टोके पाल, ती दिवसातून चार वेळा आपलंच नाव घेऊन ओरडते. न्हाणीत भला मोठा खरबरीत बेडूक, त्याला मेन दार्सा पेकाक म्हणजे आजोबा म्हणते आणि अंग धुताना त्याच्याकडे पाठ करते. रोज सकाळी स्वयंपाक झाला की केळीच्या पानाच्या तुकड्यांवर चिमूट चिमूट भात चुलीशी, रांजणाशी, उंबऱ्याशी ठेवायचा हे आमचं घरोघरी असतं. तिचे तुकडे पंचवीस झाले.

मी एकदा म्हणालो, "मेन, तू घरात राहतेस की हे सगळे तुला ठेवून घेतात?"

"राहू देत हो," ती म्हणाली. "ही मंडळी निदान आल्यावर टिकतात तरी."

माझं घर मात्र मी स्वच्छ ठेवलं. ते खोटं बोललो त्यानंतर महिन्याभरात मी घरातली एकूण एक पाल मारली. भिंतींना चुना दिला, फटी बुजवल्या. मला माझ्या घरात साक्षीदार नको होते. बायको तेव्हा हयात होती, ती म्हणाली, तुम्हाला वेड लागलंय. तिलाही मी पत्राचं कधी सांगितलं नाही.

आता दहनाचं सांगतो. आमच्या गावात दर पाच वर्षांनी सामूहिक दहन होतं. तोवर मेलेले पुरून ठेवतात, मग एकदम सगळ्यांना अग्नी देऊन आत्मे मोकळे करतात. ज्याचा देहच मिळाला नाही त्याची, नाव कोरलेली, चंदनाची पुतळी करतात. बुडालेला असेल तर घरातल्या वडीलधाऱ्यानं समुद्रावर जाऊन त्याला तीनदा हाक मारून बोलवायचं, घरच्या देवळात पूर्वजांना कळवायचं, आणि मग पुतळीला अग्नी. वडीलधाऱ्यानं कळवल्याशिवाय लेखनिकाला नाव घालता येत नाही. यादी मी करतो. दार्साच्या मागे दोन दहनं होऊन गेली. पहिल्या वेळी मी तिच्या दारासमोरून मान खाली घालून पुढे गेलो. दुसऱ्या वेळी आडून विचारलं, तर तिनं केरसुणी उचलली. अकरा वर्षांत ती केरसुणी तिनं एवढ्या एकाच कामाला वापरली.

यंदा तिसरं दहन. यादी बंद व्हायला चार दिवस असताना अस्तिती माझ्या घरी आली. तेहतीस वर्षांची बाई, हाताची बोटं पानांनी चिरलेली. बसली नाही.

"गुरुजी, या खेपेला नाव घाला."

"सासू?"

"तिला तुम्हीच सांगा. तुमचं ऐकेल. तुमच्याच शब्दावर बसलीय ती."

मग एका दमात तिनं बाकीचं सांगितलं. पलीकडच्या गावचा एक सुतार आहे, त्याची बायको बाळंतपणात गेली. त्यानं दोन वर्षांपूर्वी विचारलं होतं. हिनं थांब म्हटलं, तो थांबला. पण त्याची आई म्हणते, ज्याचं दहन झालं नाही त्याची बायको घरात आणली तर त्याचा आत्माही मागोमाग येणार. या दहनानंतर पुढचं पाच वर्षांनी. तोवर थांबायला ती माणसं तयार नाहीत.

"मी सवाष्ण नाही, विधवा नाही," अस्तिती म्हणाली. "तशीच निघून जाऊ म्हटलं तर वाटतं, उद्या तो खरंच दारात उभा राहिला तर? तुम्ही तेव्हा पत्र वाचलं होतं. त्यात नेमकं काय होतं, गुरुजी?"

मी म्हणालो, उद्या येतो. ती गेल्यावर पेटी उघडली. लाकडी पेटी, माझी मास्तरकीची, तळाला निवृत्तीचे कागद आणि त्याखाली ते पत्र. वरची चादर उचलली तर खाली माती. वाळवीनं तळातून शिरून सगळं पोखरलं होतं. हाताला लागला तो कागदाचा एक काठ, शिक्क्याच्या निळ्या शाईचा चंद्रकोरीएवढा तुकडा, आणि भुगा. पाली नसल्या की वाळवीचे पंखवाले किडे कोण खाणार, हे मी तिसरीच्या वर्गाला चौतीस वर्षं शिकवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शहरात जाऊन त्या कचेरीचा पत्ता शोधला. तिथे टायरचं दुकान आहे. तिथून थेट गावकीच्या प्रमुखाकडे गेलो आणि सगळं सांगितलं, आयुष्यात पहिल्यांदा. तो माझाच विद्यार्थी. तो म्हणाला, "गुरुजी, हे मला सांगून काय उपयोग? हाक तिनं मारायचीय."

दुपारी मेन दार्साकडे गेलो. खाली बघितलं, वर बघितलं, बसलो. ती परड्या विणत होती. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, पण बोटं अजून तशीच चालतात. मी फिरवून बोललो नाही. दार्सा अकरा वर्षांपूर्वीच गेला, पत्रात तेच होतं, सणाआधी सुतक नको म्हणून मी खोटं बोललो, आणि नंतर तोंड उघडायची हिंमत झाली नाही, असं सरळ सांगितलं.

तिची बोटं थांबली नाहीत.

"पत्र दाखवा."

"वाळवीनं खाल्लं."

तेव्हा ती हसली. पूर्वीसारखी, बेडूक उडवल्यावर हसायची तशी. "शाळेत पोरं सांगायची ना, गुरुजी, वही गाईनं खाल्ली? काय करायचात तुम्ही त्यांचं?"

"छडी मारायचो."

"मग?"

"मार," मी म्हणालो. "पण माझं ऐक. समुद्रावर चल आणि त्याला हाक मार. त्याला तिथे किती वर्षं ठेवणार आहेस?"

"तुम्हाला सुनेनं पाठवलंय," ती म्हणाली. "तिचं वय आहे, मी तिला दोष देत नाही. पण तिच्यासाठी तुम्ही माझ्या पोराला मारू नका. तुम्ही म्हणालात बरा आहे, तेव्हा पालीनं साक्ष दिली. तुम्ही स्वतः टकटक केलीत, मी बघितलं. आता म्हणता मेला. ठीक आहे. परत म्हणा. मोठ्यानं म्हणा, आणि आपण ऐकू."

मी नाही म्हणायला हवं होतं. चौतीस वर्षं विज्ञान शिकवलेला माणूस मी. पण मी म्हणालो. "दार्सा गेला," मी म्हणालो, मोठ्यानं, आणि आम्ही दोघं मान वर करून बसलो.

त्या छपरात तीस तरी पाली असतील. एरवी त्यांच्या आवाजानं तिथे बोलता येत नाही. रांजणात बेडकानं एकदा डुबकी मारली. वर उदमांजराची पिल्लं सरकली. मी मनातल्या मनात विनवण्या करत होतो, कुणाच्या, ते मला माहीत नाही. घाम मानेवरून पाठीत उतरला. एक पाल माझ्या समोरच्या खांबावर येऊन थांबली, तिचा गळा हलताना दिसत होता. ती गेली. एकीनंही आवाज केला नाही.

"बघा," मेन दार्सा हळूच म्हणाली. आवाजात विजय नव्हता, माझ्यावर दया होती. "म्हातारे झालात, गुरुजी. काहीबाही वाटतं या वयात. घरी जाऊन पडा जरा." आणि तिनं नवं पान उचललं.

मी उठलो. त्याच वेळी मला कळलं की मीही, पूर्ण अर्धी घटका, खरोखर वाट बघत होतो. पाल बोलली असती तर दार्सा मेला असता. न बोलल्यामुळे माझ्यासुद्धा आतला कुठला तरी एक मूर्ख कोपरा सुटल्यासारखा झाला होता. पत्र मी माझ्या डोळ्यांनी वाचलं होतं, तरीही. असल्या माणसाच्या हातून सत्य कुणाला मिळणार होतं?

अस्तिती स्वयंपाकघराच्या दाराआड उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. मी बाहेर पडलो तशी ती मागच्या बाजूनं फाटकापर्यंत आली. मला वाटलं शिव्या देईल. द्यायला हव्या होत्या, मी त्यासाठी थांबलोही.

"यादी?" तिनं विचारलं.

"तिनं हाक मारल्याशिवाय नाव घालता येत नाही."

तिनं मान हलवली. सुताराचं नाव काढलं नाही. फाटकाच्या बांबूवरून एक छोटा बेडूक तिच्या मनगटावर उतरला, तो तिनं झटकला नाही, तिचं लक्षही नव्हतं.

"तुमचं मला खरं वाटतं," ती म्हणाली. "तेव्हाही वाटलं होतं, आताही वाटतं."

"पोरी, मी..."

"तारीख काय होती?"

"कसली?"

"तो पडला ती. पत्रात असेल ना?" ती शांतपणे विचारत होती, बाजारात भाव विचारावा तशी. "त्या दिवशी मी काय करत होते ते मला आठवून बघायचंय. सणाच्या आधीच्या महिन्यात माझ्या बहिणीचं लग्न होतं. मी नाचले होते. तारीख सांगा."

पत्रात तारीख होती. आकडे होते, महिना होता. मी ते तीनदा वाचलं होतं, अकरा वर्षं माझ्या छातीवर ते पत्र घेऊन झोपलो होतो म्हटलं तरी चालेल. कागदाची घडी आठवत होती, शिक्का आठवत होता, 'सापडला नाही' हे शब्द कुठल्या ओळीत होते तेही. तारीख आठवत नव्हती.

"वार तरी?" ती म्हणाली.

मी डोळे मिटले आणि शाळेच्या पायरीवर बसलो होतो ते आठवलं. कागद उघडला. वाचायला लागलो. तिथे काही नव्हतं.

"आठवत नाही," मी म्हणालो.

आतून सासूनं हाक मारली, चुलीवरचं बघ म्हणून. अस्तिती गेली नाही. मला आठवेल म्हणून ती तिथेच उभी राहिली.